वच्छला सिस्टरांनी खोडलेला रकाना

वच्छला सिस्टरांना कुणी खुर्ची पुढे केली की त्या खुर्चीच्या पाठीला पिशवी अडकवायच्या आणि स्वतः उभ्याच राहायच्या. चहा उभ्यानं, जेवण जवळजवळ उभ्यानं. बैठक असली की सगळ्यांच्या पाठीमागून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालायच्या. त्यांच्याशी बोलणाऱ्याला मान सारखी फिरवावी लागे. एकदा एक साहेब वैतागून म्हणाले, "बाई, जरा बसा ना."

"पस्तीस वर्सं पायी हिंडली साहेब," सिस्टर म्हणाल्या. "बसली का मले झोप लागते. तुमाले चालन काय?"

साहेबांना चालण्यासारखं नव्हतं.

त्या वाशीम जिल्ह्यातल्या रिठदच्या. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, वय त्रेसष्टच्या आसपास. नोकरी संपली तरी पांढरी साडी सुटली नव्हती आणि साडीखाली कॅनव्हासचे बूट असायचे. पिशवीत बीपीचं यंत्र, लिमलेटच्या गोळ्या, अडकित्ता आणि कुणाकुणाच्या अर्जांच्या झेरॉक्स. नवरा लवकर गेला होता, मुलगी सासरी सुखात होती. घरी कुणी वाट बघत नाही म्हणून हिंडता, असं मी एकदा म्हणालो, तर त्या इतक्या रागावल्या की दोन दिवस माझ्या मोटारसायकलवर बसल्या नाहीत.

आमची गाठ पडली ती आसेगावच्या पुढे रस्त्यापासून आत असलेल्या एका बंद पडलेल्या वसतिगृहात. गडचिरोलीकडच्या जंगलात ज्यांनी बंदूक खाली ठेवली, पण ज्यांना आपल्या गावी परतायची भीती होती, अशी पाच-सहा जोडपी तिथे वर्षभरासाठी आणून ठेवली होती. पोलीस खात्यानं त्यांना आणलं होतं. आरोग्य खात्यानं त्यांच्या तब्येती बघायच्या, आयटीआयनं हाताला काम शिकवायचं आणि राहण्या-जेवणाचं एका स्वयंसेवी संस्थेनं बघायचं, असं ठरलं होतं. मला आयटीआयनं पाठवलं होतं, शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळल्या की त्या पुन्हा कशा गुंडाळायच्या हे शिकवायला. सिस्टरांना संस्थेनं घेतलं होतं. काम काय, तर चार खात्यांना एकमेकांशी बोलायला लावणं. नेमणूकपत्रात अर्थातच ते जरा भारदस्त शब्दांत लिहिलेलं होतं.

पहिल्या महिन्यातल्या बैठकीत विषय होता मंगरूचा. मंगरू आणि सोमारी हे त्या जोडप्यांतलं एक, दोघं तिशीतले. जंगलात असताना दोघांचं जुळलं. लग्नाची परवानगी मागितली, तर वरून अट आली की आधी नवऱ्यानं नसबंदी करून घ्यायची. लेकरू झालं की माणसाचं लक्ष बंदुकीवरून उडतं, असा तिथला विचार. मंगरूनं करून घेतली. आता बंदूक सुटल्यावर त्याला ती नस परत जोडून हवी होती, आणि ते ऑपरेशन नागपूरला होणार होतं.

पोलिसांचं म्हणणं, बंदोबस्ताशिवाय पाठवता येत नाही. आरोग्यवाले म्हणाले, बंदोबस्त घेऊन ओपीडीच्या रांगेत कसं उभं राहणार? संस्थेच्या संचालकांना पोलिसांचं पत्र हवं होतं, पोलिसांना दवाखान्याचं. मीही अकारण हजेरीचा प्रश्न काढला. दीड तास झाला. पाठीमागे कॅनव्हासच्या बुटांचा आवाज चालूच होता. तो थांबला.

"मंगरूले कोनी इचारलं काय?"

कुणीच विचारलं नव्हतं. सिस्टर बाहेर गेल्या आणि त्याला घेऊन आल्या. तो आत येऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आधी दोन्ही खिडक्या बघितल्या, मग आम्हाला.

"सांग बापू, कसा जातं तू नागपूरले?"

"वर्दीवाले नको सोबत," मंगरू म्हणाला. "दवाखान्यात लोक पाहतात. अन् सोमारी पाहिजे."

दीड तासाचं काम एवढ्यात झालं. साध्या कपड्यातला एक शिपाई द्यायला फौजदार तयार झाले. हे फौजदार तरुण होते, कमी बोलायचे, आणि आमच्या या केंद्राची पोलिसांकडची सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती.

तयार होणं वेगळं आणि कागद होणं वेगळं. "कागदाले पाय नसते मास्तर," असं म्हणून सिस्टर माझ्या मोटारसायकलच्या मागे बसायच्या. वाशीम, मंगरूळपीर, मानोरा. एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलावर त्या स्वतः ठेवायच्या आणि सही होईपर्यंत समोर उभ्या राहायच्या. समोर कुणी उभं असलं की माणसाला फाईल बाजूला सारता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अशाच एका फेरीत मानोऱ्याच्या स्टँडसमोर आम्ही चहाला थांबलो. ऊसतोडीला गेलेल्या तांड्यावरच्या बाया ट्रकमधून उतरत होत्या, बोचकी, भांडी, एक शेळी. सिस्टर प्रत्येकीचं तोंड निरखून बघत होत्या. एका बाईनं वळून पाहिलं तशी त्यांनी पाठ फिरवली आणि कप न संपवताच ठेवून दिला.

"ओळखीची होती?" मी विचारलं.

"तिच्यासारकी वाटली." मग बराच वेळ त्या टपरीच्या खांबाभोवती घुटमळल्या आणि म्हणाल्या, "मी तालुक्यात पैली यायची मास्तर. नसबंदीच्या ऑपरेशनच्या केसेसमंदी. भितीवरलं घड्याळ भेटलं हाय मले बक्षीस. इथल्याच तांड्यावरची एक पोरगी होती, दोन लेकरं. उसावर जायच्या आधी करून घे म्हनून मी तिच्या मांगं लागली. केलं तिनं. पुढच्या साली तिकडं तापाची साथ आली अन् आठ दिवसांत दोनी लेकरं गेले. मंग ती माह्या दारात आली. म्हने, सिस्टर, तुमीच बंद केलं, आता तुमीच उघडून द्या."

"मग?"

"म्या म्हनलं, नाई होत बाई ते. ती पायरीवर बसून राह्यली अन् मी आतमंदी रजिस्टर लिहीत राह्यली. ती कवा उठून गेली ते मले समजलंई नाई." त्यांनी पिशवी खांद्यावर घेतली. "अन् आता हा मंगरू येऊन सांगते का जोडता येते. दवाखान्यात इचारलं तं म्हनते, बाईमानसाचंई कवाकवा जोडता येते. मंग तिले काहून नाई सांगतलं कोनी? मीनं काहून नाई इचारलं?"

मी गाडी सुरू केली. वाशीम येईस्तोवर मागे बसल्या बसल्या त्यांचा एक पाय सारखा हलत होता, तो मला गाडीच्या धक्क्यांतही जाणवत होता.

सोमारी माझ्या वर्गात शिकायला यायची. तिला आम्ही शिवणकामाला बसवलं होतं. तिथून ती स्वतः उठून आली, कारण तिला मोटार उघडून बघायची होती. हात विलक्षण. तांब्याची तार ती अशी गुंडाळायची की वेढ्यावर वेढा चढायचा नाही. बोलायची मात्र नाही. आणि कमरेचा कापडी पट्टा कधी सोडायची नाही. सिस्टर पंधरवड्याला सगळ्यांचं वजन करायच्या, तेव्हाही नाही. "राहू दे," एवढंच म्हणायची.

नागपूरला जायच्या आदल्या दिवशी सकाळी सिस्टर माझ्या वर्कशॉपमध्ये आल्या. मागे सोमारी. सिस्टरांनी दार लोटलं आणि तो पट्टा माझ्या टेबलावर ठेवला.

"मोठ्या दवाखान्यात शिरताना यंत्रातून जा लागते, म्हनून म्या सोडाले लावला. हात लावून पाहा."

कापडाच्या आत चार काडतुसं शिवलेली होती.

बंदूक जमा करताना सगळं जमा केल्याचं सोमारीनं लिहून दिलं होतं. हे बाहेर आलं असतं तर तिच्यावर गुन्हा, मंगरूचं ऑपरेशन रद्द, आणि बाकीच्या जोडप्यांवरचाही विश्वास संपला असता. कदाचित केंद्रच बंद. मंगरूला यातलं काही माहीत नव्हतं.

"मागच्या पडक्या विहिरीत टाकून देतो," मी म्हणालो. "आपण तिघांनी पाहिलं, तिघांपाशीच राहील."

सिस्टरांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. "सोमारी, काहून ठेवली ओ?"

सोमारी भिंतीकडे बघत होती. "बंदूक दिली. हे राहू दिलं. हात लावला की झोप येते."

"बंदूक नाई तं याचा काय उपेग?"

"मालूम आहे."

सिस्टर टेबलाभोवती फिरल्या. एकदा, दोनदा. तारेचं एक रीळ उचललं, परत ठेवलं. मग मला म्हणाल्या, "हिरीत टाकलं तं पट्टा जाईन मास्तर, पन तिचा हात तिथंच जात राहीन. अन् आपल्या तिघाईचा जीव जलमभर त्या हिरीत राहीन. जीप काढा."

"सिस्टर, तिला आत टाकतील."

"म्हनूनच आज जायचं. सापडलं तं येगळं, अन् सोताहून नेऊन देल्लं तं येगळं."

केंद्राची जीप मीच चालवली. वाटेत सिस्टरांनी सोमारीला एवढंच सांगितलं की खोटं बोलायचं नाही, आणि काय झालं तरी मी तिथून हलणार नाही. सोमारीनं मान हलवली नाही की नकार दिला नाही. ती रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहत होती. आता वाटतं, कुठून उडी टाकता येईल ते बघत असावी.

ठाण्यात फौजदारांच्या टेबलावर पट्टा सोमारीनं स्वतःच्या हातानं ठेवला. त्यांनी कात्रीनं शिवण उसवली आणि चारही काडतुसं ओळीनं मांडली.

"कुठे सापडली?"

"सापडली नाही," सोमारी म्हणाली. "माझ्यापाशी होती. पहिल्या दिवसापासून."

फौजदारांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "मले आज समजलं साहेब. तिले म्हनलं, चाल. आली."

ते उठून आतल्या खोलीत फोनवर गेले. आम्ही व्हरांड्यात. सकाळचे अकरा वाजले होते, आम्ही तिथून निघालो तेव्हा चार वाजून गेले होते. सोमारी बाकावर हलली नाही. सिस्टर व्हरांडाभर चालत राहिल्या, इतक्या की पाण्याचा माठ भरायला आलेला शिपाई म्हणाला, "सिस्टर, फरशी झिजून राह्यली." मी दोनदा लिमलेटची गोळी मागून खाल्ली. माझ्या मनात चाललं होतं की जबाबात माझं नाव येईल, खात्याची चौकशी लागेल. त्या दिवशी मला माझी लाज वाटली, पण भीती त्याहून मोठी होती.

फौजदार बाहेर आले आणि एक कागद सोमारीपुढे धरला. 'स्वतःहून जमा केले' असं त्यांनी लिहिलं होतं.

"वरिष्ठांशी बोललो. उद्या नागपूरला जा." मग सिस्टरांकडे वळून हलक्या आवाजात, "अजून कुणाकडे काही असेल तर? झडती घ्यावी लागेल मला."

"झडती नका घेऊ साहेब. झडती घेतली का मानूस लपोते. मले पंधरा दिवस द्या."

त्यांनी दिले. त्या पंधरा दिवसांत सिस्टर प्रत्येक खोलीत जाऊन बोलल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण एकानं सुरा आणून दिला, दुसऱ्यानं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कसलीशी स्फोटक भुकटी. फौजदारांनी दोन्हीपुढे तेच शब्द लिहिले. पोलीस आणि संस्था एकमेकांना खरोखर विचारून वागू लागले ते तेव्हापासून.

मंगरूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नस जोडली आहे, पुढचं कुणाला सांगता येत नाही. परत आल्यावर सिस्टरांनी "रस्ता मोकळा झाला!" असं सांगत अख्खं केंद्र पालथं घातलं.

आणि मग वाट बघणं सुरू झालं. दर महिन्याला सिस्टर सोमारीला बाजूला घेऊन विचारायच्या. स्वयंपाकवाली तिला दुधाचा जास्तीचा पेला द्यायची आणि पोटाकडे बघायची. संचालक माझ्याकडे चौकशी करायचे. दरमहा चार खात्यांचा मिळून एक अहवाल जायचा. त्यात प्रशिक्षण, बँक खातं, आधार कार्ड असे रकाने होते आणि शेवटचा रकाना होता 'अपत्यप्राप्ती'. आरोग्य खात्याचे साहेब म्हणाले, इथे एकदा 'होय' आलं की यशोगाथा लिहू, फोटोसह. सात महिने तिथे 'नाही' गेलं. ते 'नाही' सिस्टरच लिहायच्या, आणि लिहून झालं की त्या दिवशी त्यांचं चालणं वाढायचं.

आठव्या महिन्यात त्या वर्कशॉपमध्ये आल्या. मी कोपऱ्यात वार्निश लावत होतो. त्यांनी सोमारीच्या कानाशी वाकून नेहमीचा प्रश्न विचारला. सोमारीनं हातातली तार कापली, पक्कड खाली ठेवली आणि पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली.

"जंगलात कमांडर विचारायचा, इथं तुम्ही विचारता. माझं पोट सगळ्यांच्या कागदावर काहून?"

'काहून' ती आमच्याकडूनच शिकली होती.

सिस्टर जागच्या जागी थांबल्या. मग बाहेर गेल्या. पिशवी तिथेच राहिली. ती घेऊन मी मागे गेलो, तर त्या फाटकापाशी उभ्या होत्या, गज दोन्ही हातांनी धरून.

"मास्तर, मी तेच करून राह्यली," त्या म्हणाल्या. "तवा बंद करा म्हनून मांगं लागली. आता उघडा म्हनून. त्या पोरीले आपलं काय वाटते, हे तवाई नाई इचारलं अन् आताई नाई."

"तुम्ही तिच्या भल्यासाठीच..."

"भल्यासाठीच," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातून पिशवी घेतली.

पुढची बैठक संचालकांच्या खोलीत होती. अहवालाच्या चार प्रती टेबलावर होत्या. सिस्टरांनी माझ्या खिशातलं पेन काढलं आणि चारही प्रतींतला शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत आडव्या रेघा मारून खोडला.

आरोग्य खात्याचे साहेब थक्क झाले. "सिस्टर, हा वरून आलेला नमुना आहे!"

"वरून आला तं वर धाडा. वच्छलानं खोडला म्हना."

"मग कामाला यश आलं हे दाखवायचं कसं?"

"तिनं काडतुसं आनून देल्ली, ते कोन्या रकान्यात हाय साहेब? तिनं गुंडाळलेल्या मोटारीवर आसेगावच्या चार मळ्यांत पानी चालू हाय, ते हाय काय कुठं? लेकरू झालं तं त्याईचं होईन, नाई झालं तंई त्याईचं. आपल्या सहीचं नाई."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग फौजदारांनी एक प्रत पुढे ओढली आणि खोडलेल्या जागेशेजारी सही केली. संस्थेच्या संचालकांनी केली. आयटीआयची सही माझ्याकडे होती, तीही झाली. साहेबांनी सगळ्यात शेवटी केली, बारीक अक्षरात, पण केली. सिस्टरांनी त्या दिवसापासून सोमारीला तो प्रश्न विचारला नाही. एकदा दोनदा त्यांच्या ओठांवर आलेला मी पाहिला. त्या तोंड फिरवून दुसऱ्याच कुणाला ओरडायच्या.

वर्ष संपलं. मंगरू-सोमारीला दुसऱ्या एका जिल्ह्यात खोली आणि मोटारी दुरुस्तीचं छोटं दुकान मिळालं. कुठं, ते फक्त फौजदारांना माहीत. त्यांना लेकरू झालं की नाही, मला ठाऊक नाही. त्याच आठवड्यात माझीही परत आयटीआयला बदली झाली. पुढच्या जोडप्यांसोबत सिस्टर अजून तिथेच आहेत असं ऐकतो. फोन केला तर उचलतात, "कामात हाय मास्तर" म्हणतात आणि ठेवतात. भेट झालेली नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ती दोघं निघाली त्या सकाळी. सामान चढलं होतं, मंगरू आत बसला होता, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली होती. सोमारी पुन्हा खाली उतरली. सिस्टरांचा हात धरून त्यांना जरा लांब नेलं आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. सिस्टरांनी ते हळूच म्हणून दाखवलं. सोमारीनं मान हलवली, चुकलं म्हणून. पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी ती हसली आणि गाडीत जाऊन बसली.

धूळ खाली बसल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली?"

"नाव सांगतलं तिनं," सिस्टर म्हणाल्या. "कागदावरलं नाई. पंधराव्या वर्सी घर सोडलं तवापासून त्या नावानं कोनी हाक नाई मारली म्हने. तिची माय मारे."

"काय नाव?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मले सांगतलं मास्तर तिनं."

मी गाडी काढायला वळलो, तोवर त्या आसेगावच्या रस्त्याला लागल्याही होत्या. मी मोटारसायकल हळू करून शेजारून नेली, बसा म्हणालो. त्यांनी हातानंच मला पुढे जा म्हटलं. त्यांचे ओठ हलत होते. नाव आपल्या जिभेला अवघड असावं. विसरू नये म्हणून त्या ते परत परत म्हणत होत्या, आणि मोटारसायकलच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही.